तिच्या हातांच्या मापाचे

४ नोव्हेंबर

चि. मुंगूस,

हे नाव तुला चारचौघांत आवडत नाही, पण पाकिटावर तुझं खरं नाव घातलंय, तेव्हा पोस्टमनसमोर तुझी अब्रू शाबूत आहे.

मी फोन उचलत नाही म्हणून चिडली असशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. आता बस वाचत.

तुझी आई बरी आहे. वेळेवर जेवते, दुपारी झोपते, औषध थुंकत नाही. हातांचं तेवढं चालूच आहे. तू आलीस तेव्हा नुसतं मनगट खाजवत होती, आता गाल आणि कोपरापर्यंतचे हात. कातडी कागदासारखी झालीय, नख लागलं की सुटते. डॉक्टर म्हणाले, हात झाकून ठेवा. म्हणजे मी जे करत होतो तेच. फक्त मी टॉवेल गुंडाळून सेफ्टीपिना लावल्या होत्या आणि तू म्हणालीस, "बाबा, ही आई आहे, पार्सल नाही."

त्यावर मी जे बोललो ते मला आठवतंय. राहायचं तर राहा, शिकवायचं असेल तर निघ. तू निघालीस. मला वाटलं जिन्यापर्यंत जाऊन परत येशील. लहानपणी यायचीस.

आता टॉवेल बंद केलाय, हे कळवण्यासाठी पत्र. बाजारातून हातमोजे आणले. अंगठा तेवढा वेगळा आणि बाकी चार बोटं एकाच घरात, तसे. बायकांच्या मापात दोनच आकार मिळतात. लहान चढत नाही, मोठा राहत नाही. ती दातात धरते आणि ओढून फेकते. आज एक सापडला डाळीच्या डब्यात.

तू पाठवलेलं, विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेचं माहितीपत्रक मिळालं. फोटो छान आहेत. सगळ्या म्हाताऱ्या हसतायत. मी ते फळीवर ठेवलंय.

बाबा


१९ नोव्हेंबर

चि. मुंगूस,

तुझं पत्र आलं. एवढ्या मोठ्या कागदावर चार ओळी. कागदाचा अपमान आहे हा. असो.

"तुम्ही बाहेर पडता का?" असं विचारलंयस. पडतो की. परवाच खालच्या मजल्यावर गेलो होतो, शिवणवाल्या बाईंकडे. तुला त्या आठवतील, तुझ्या शाळेचा गणवेश त्यांनी दरवर्षी वाढत्या मापाचा शिवला आणि तू दरवर्षी मापापेक्षा जास्तच वाढलीस. त्यांच्याकडे हे मोजे घेऊन गेलो आणि म्हटलं, लहान करून द्या. त्यांनी बोटावर फिरवून पाहिले आणि परत केले.

"हे लहान करून जमणार नाही. लोकरीचे विणा. क्रोशाने."

"तुम्ही विणून द्या मग."

"मी कसे विणू? दर ओळीला हातात घालून बघावं लागेल. हात वर आहेत आणि मी खाली आहे."

मी म्हटलं, एखादं पुस्तक असेल ना, आकृत्या असलेलं. त्या म्हणाल्या, पुस्तकातली बाई वेगळी असते.

म्हणून क्रोशा शिकतोय. हस. पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो, शाफ्टवर बुश, म्हणजे धातूची बाही, बसवायची ती हाताला न खुपता बसली पाहिजे, हे दुसऱ्यांना शिकवलं. आता टोकाला आकडा असलेल्या सुईने साखळी घालतोय आणि बाई म्हणतायत, "एवढी घट्ट नको, तुम्ही नट आवळत नाही आहात."

दुपारी आई झोपली की उशाशी बसून माप घेतो. तिचा उजवा हात मी कधी एवढा नीट बघितला नव्हता. अंगठ्याचा सांधा सुपारीएवढा वर आलाय. करंगळी बाहेर वळलेली आहे, ती कधी मोडली होती ते मला माहीतच नाही. मनगट बारीक आणि तळवा रुंद, म्हणजे वरून जाईल असं करावं तर खाली राहणार नाही, आणि खाली राहील असं करावं तर वरून जाणार नाही. फिटरच्या दृष्टीने कठीण नग आहे.

पहिला मोजा झाला तो तुझ्या बाहुलीला आला असता. दुसरा भांडी घासायला वापरतोय. लोकर उसवली की वाया जात नाही, पुन्हा वापरता येते, ही या कामातली मोठी सोय. लोखंडाचं तसं नव्हतं.

बाकी सगळं ठीक.

बाबा

ता. क. दाराला बाहेरून कडी आहे का असं तू विचारलंयस. नाही. बाहेरून कडी घालून मी आतून बाहेर कसा येईन? कुलूप आतून असतं. किल्ली माझ्या खिशात असते. त्यात काय एवढं?


८ डिसेंबर

चि. मुंगूस,

जमलं.

मनगटापासून सुरुवात केली. साखळीचं कडं करून वर मुके खांब, म्हणजे सगळ्यात बुटका टाका, त्यातून नख जात नाही. तळव्याशी दोन्ही बाजूंनी टाके वाढवत नेले, सांध्याच्या जागी जास्त वाढवले, तिथे छोटी पोटली तयार झाली. अंगठ्याचं भोक सोडून वर गेलो, अंगठ्याचं घर मागाहून वेगळं विणून तिथे जोडलं. करंगळीच्या बाजूला ओळ अर्ध्यातच फिरवून परत आणली, म्हणजे मोजा तिच्यासारखाच बाहेर वळला. हे शिवणवाल्या बाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि "हं" म्हणाल्या. त्या बाई "हं" सहसा म्हणत नाहीत.

शेंड्याला टाके कमी करत आणले, शेवटच्या फेऱ्यातून दोरा ओवून घेतला, आवळला, गाठ मारली. मनगटाला पट्टी विणली आणि तिचं बटण आतल्या बाजूला घेतलं. नाडीजवळ. तिला दुसऱ्या हाताने ते सापडत नाही, कारण दुसऱ्या हातातही मोजा असतो.

तुला सांगतो, इतकं नेमकं काम मी कारखान्यातसुद्धा फार वेळा केलं नाही. कुठे सुरकुती नाही, कुठे काचत नाही, ओढून निघत नाही. दातांनी प्रयत्न केला तिने. दिवसभर केला. मग सोडून दिला. गालावरची जखम सुकायला लागलीय.

ती मधूनमधून काहीतरी विचारत असते, पण त्यात काही अर्थ नसतो, मी लक्ष देत नाही.

जेवण मी भरवतो. आधी ती चमचा धरायची, आता धरता येत नाही, पण सांडायचंही फार. एकूण हिशेब बरोबरच.

तू येणार असशील तर थंडी संपल्यावर ये. आत्ता जिन्यात अंधार असतो.

बाबा


२२ डिसेंबर

चि. मुंगूस,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. चार ओळींचं बरं होतं म्हणायची वेळ आली.

मी थकलेलो नाही. मी कोंडलेला नाही. माणूस आपल्या स्वतःच्या घरात कोंडलेला कसा असेल? सकाळी उठतो, तिला उठवतो, धुतो, भरवतो, फिरवतो. फिरवतो म्हणजे खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत. दूध आणि भाजी शिवणवाल्या बाई दारात ठेवतात. मला कशासाठी बाहेर जायचंय? कोणाकडे?

एकटं राहावंसं वाटलं की बाथरूममध्ये जातो, आतून बोल्ट लावतो आणि बादली पालथी घालून बसतो. नळ सोडून ठेवतो, म्हणजे ती दारावर आली तरी ऐकू येत नाही. हे लिहायचं नव्हतं. पण पेनाने लिहिलंय, आणि एवढ्यासाठी नवा कागद घेणार नाही.

त्या संस्थेत जाऊन बघून यायला तू सांगतेयस. तुझी आई तिथे आणि मी इथे, असंच ना? मग या घरात मी काय करायचं? फर्निचर पुसायचं?

विषय संपला.

बाबा


१४ जानेवारी, इस्पितळातून

चि. मुंगूस,

काल तू खाटेजवळ उभी होतीस तेव्हा मी अर्धा गुंगीत होतो, पण ऐकू सगळं येत होतं. तू डॉक्टरांना विचारलंस, नर्सला विचारलंस, शिवणवाल्या बाईंना विचारलंस. मग मला विचारलंस, "आईने फोन कसा लावला?" मी म्हटलं, माहीत नाही.

माहीत आहे.

तू आईला घेऊन गेलीस. मी म्हणत होतो, माझं हाड जुळेपर्यंत तरी थांब, आणि तू म्हणालीस, "मी विचारत नाहीये, बाबा." ते तू ज्या आवाजात म्हणालीस तो माझाच आवाज आहे. आता ती तुझ्या घरी आहे, तेव्हा काय झालं ते तुला कळायला हवं.

सकाळी तिला भरवलं, मोजे चढवले, बटणं लावली. नेहमीसारखा बाथरूममध्ये जाऊन बसलो. उठताना साबणावर पाय पडला. कमरेत असा आवाज आला की मला वाटलं बादलीच फुटली. बोल्ट दाराच्या वरच्या टोकाला, माझा हात मधल्या फळीपर्यंतही पोचेना. मोबाइल बाहेर चार्जिंगला, बटणांचा जुना फोन बाहेरच्या टेबलावर. घराला आतून कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. मी इतका चोख बंदोबस्त करून ठेवला होता की त्यात एक फट नव्हती.

ओरडलो. शेजारचा फ्लॅट रिकामा आहे, तुला माहीतच आहे. नळ चालू होता तो शाबूत पायाने कसाबसा बंद केला, तेव्हा ऐकू आलं, ती दार वाजवतेय. तसं म्हणायचं. प्रत्यक्षात आवाज येतच नव्हता. लोकरीचे हात. उशीने उशीवर मारावं तसं काहीतरी पलीकडे चाललं होतं. पुढच्या दाराशी जाऊनही तिने हेच केलं, मला पावलांवरून कळत होतं. जिन्यातून कोणी गेलं असतं तरी त्याला काही कळलं नसतं.

मग ती परत आली आणि दाराला टेकून तेच विचारायला लागली, जे महिनाभर विचारत होती. त्याला अर्थ नसतो असं मी तुला लिहिलं होतं. ती विचारायची, "अहो, माझे हात कुठे ठेवलेत?"

रोज विचारायची. रागाने नाही. चष्मा कुठे ठेवलात, असं विचारावं तसं. मी रोज म्हणायचो, आहेत गं, आहेत.

किल्ली दाराखालून सरकवावी असं मनात आलं. त्या मोज्यांत तिला किल्ली उचलता आली नसती. आणि उचलली असती तर ती घरच्या कपड्यांत, त्या थंडीत, कुठेतरी निघून गेली असती. मी किल्ली खिशातच ठेवली.

बाथरूमचं दार पाण्याने फुगतं म्हणून मी मागे खालून तासून घेतलं होतं, दोन बोटं फट आहे. मी तिला म्हटलं, खाली बस, हात इकडे दे. पुष्कळ वेळ ती बसेना. मग मला तिचा बोर्ड आठवला. तुला माहीत आहे, ती कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होती आणि मी वर्कशॉपमधून काही ना काही निमित्ताने फोन लावायचो, आमचं जमलं ते तिथेच. मी म्हटलं,

"हॅलो, बोर्ड? वर्कशॉपमधून बोलतोय."

ती म्हणाली, "बोला, वर्कशॉप."

मुंगूस, तो तिचा ड्यूटीवरचा आवाज होता. मी किती वर्षांत ऐकला नव्हता.

"बाहेरचा नंबर हवाय. पण आधी जरा हात बघू तुमचा."

"कामाच्या वेळेत असलं चालणार नाही," ती म्हणाली. आणि हात दाराखाली घातला.

मोज्याचा शेंडा तेवढा आत आला. मी फरशीवर गाल टेकून तो दातात धरला. गाठ माझीच, आणि मी गाठ मारतो ती काय असते तुला ठाऊक आहे. तुझ्या बुटांच्या नाड्या शेवटी कापाव्या लागायच्या. तरी चावत राहिलो. एकदाची तुटली. मग दोरा ओढायला लागलो. क्रोशाचं विणकाम एका दोऱ्याचं असतं, शेवटचं टोक हाती लागलं की ते मुकाट्याने उसवत जातं. करंगळीची वळवलेली ओळ गेली, मग बोटांच्या मधली पेरं, मग तळव्यापर्यंत. माझ्या बाजूला वळ्यावळ्यांच्या लोकरीचा ढीग झाला. ती पलीकडे हसत होती. "गुदगुल्या होतायत, अहो," म्हणत होती. मला कमरेतून कळ येत होती आणि मी म्हणत होतो, बोर्ड, हलू नका, लाइन तुटेल.

तिची बोटं बाहेर आली आणि फटीतून माझ्या नाकाला लागली. तिने नाक चाचपून पाहिलं. मग ओठ. महिनाभर तिने कशालाच हात लावला नव्हता हे मला तेव्हा सुचलं.

मग नंबर सांगितला, शिवणवाल्या बाईंचा. तिने तो दोन-दोन आकड्यांत परत म्हणून दाखवला, एकही चुकला नाही. एरवी काल काय जेवली हे तिला सांगता येत नाही. उठून गेली. मला फोनच्या बटणांचा आवाज ऐकू आला. मग ती म्हणाली, "वर्कशॉपचा कॉल आहे. बोला, जोडून देते." रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि काम झालं म्हणून बाजूला बसली.

मी जेवढा जोर होता तेवढा लावून ओरडलो. बाई म्हणतात, त्यांना आधी वाटलं रेडिओ लागलाय.

त्यांनी कुलूपवाल्याला आणलं. तो पुढचं दार ठोकत होता तेव्हा तुझी आई आतून त्याला सांगत होती, "लाइन बिझी आहे, थांबा." सगळे आत आले तेव्हा तिच्या गालावर दोन ओरखडे होते, नवे. एक हात मोकळा, एका हातात मोजा. शिवणवाल्या बाईंनी तो दुसरा काढला. बटण शोधायला त्यांनासुद्धा वेळ लागला.

फोनचंही खरं लिहितो. तू वाक्य पुरं करू देत नाहीस हे खरं आहे, पण मी फोन उचलत नव्हतो तो त्यासाठी नाही. फोनवर मागचे आवाज ऐकू जातात.

बाबा


९ फेब्रुवारी

चि. मुंगूस,

मला घरी सोडलं. चार माणसांनी खुर्चीसकट वर आणलं, त्यातला एक सारखा विचारत होता, काका, याहून खालच्या मजल्यावर नाही का मिळालं घर?

आता वॉकर घेऊन खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत फिरतो. जिना उतरायला अजून मनाई आहे. दाराला कुलूप घालत नाही, नुसतं लोटलेलं असतं, कधी वाऱ्याने उघडतं. मी खुर्चीत बसून जिन्याचा कठडा बघत असतो. इथून दोन हात लांब आहे. माझ्यासाठी गावाबाहेर असल्यासारखा.

तू फोनवर सांगितलंस की आई दिवसभर मटार सोलते. संपले की तू तेच दाणे आणि सालं पुन्हा एकत्र करून देतेस आणि तिला चालतं. हात गुंतलेले असले की खाजवत नाही. खाजवते तेव्हा तू शेजारी बसून तिचे हात हातात धरतेस. तेवढा वेळ तुझ्याकडे कसा असतो, असं मी विचारलं, तर म्हणालीस, नसतो. रात्रपाळीची बाई ठेवलीय, शिवाय नवरा मदत करतो, तरी पुरत नाही, परवा तू स्वतःच रडलीस. हे तू सांगितलंस म्हणून बरं वाटलं. तू रडलीस म्हणून नाही. सांगितलंस म्हणून.

ती माझ्याबद्दल विचारते का, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात तू फोन तिच्या कानाला लावलास. मी म्हटलं, वर्कशॉपमधून बोलतोय. ती म्हणाली, "कोण वर्कशॉप?" तिने नीट, अदबीने फोन ठेवला.

पडलो त्या दिवसापासून लोकरीला हात लावलेला नाही. पिशवी शिवणवाल्या बाईंना देऊन टाकली. त्या म्हणाल्या, ठेवा, पायाला काही विणा. मी म्हटलं, नको, माझं माप घेणारं कोणी नाही.

काल त्या वर आल्या आणि न सांगता कपाटातून माझे कपडे काढून बॅगेत भरायला लागल्या. सदरे, पायमोजे, दाढीचं सामान. मी म्हटलं, हे काय चाललंय? त्या म्हणाल्या, लेकीकडे जायची तयारी. मी म्हटलं, तिने बोलावलेलं नाही.

"तुम्ही विचारलंत का?"

त्यांनी बॅग भरली, चेन ओढली आणि दाराशी नेऊन ठेवली. जाताना म्हणाल्या, इतकी वर्षं तुमच्याकडे येते, तुम्ही कोणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

तुझं घर लहान आहे, मला माहीत आहे. मला सोफा चालेल. मी मटार सोलू शकतो. रात्रपाळीच्या बाईंना मी आवडणार नाही, पण मी त्यांना शिकवायला जाणार नाही, तुलाही नाही. तू सांगशील तसं करीन, निदान सकाळी तरी. आईने मला ओळखलं नाही तर नाही. मी शेजारी बसेन.

नाही म्हणालीस तरी चालेल, पत्रात म्हण, म्हणजे मला नीट वाचता येईल.

मी येऊ का?

बाबा